राखेच्या रेघेअलीकडून

बाई,

आज सकाळी शाळेच्या मागच्या भिंतीशी तुझी पळसाची फांदी सापडली. मी ठेवली होती तशीच उभी होती, भिंतीला टेकून, वळचणीखाली. पानं वाळून तांबडी झालीत. बुडख्याशी तू बांधलेला वाखाचा तुकडा अजून तसाच आहे, तुझ्या त्या दोन गाठींसकट. पोळ्याच्या आदल्या रात्री दाराशी लावलेल्या साऱ्या गावाच्या फांद्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या सकाळी, रोगराईसकट शिवेबाहेर गेल्या. तुझी एकटीची गेली नाही. ती नेण्याचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. तेरवी उरकली. या सगळ्यात ती फांदी मी साफ विसरलो होतो. मी मारबत वगैरे मानत नाही हे तुला ठाऊकच आहे. खोकला-पडसं फांदीला बांधून शिवेबाहेर टाकता येत नाही, असं मी वर्गात दरसाल सांगतो आणि दरसाल मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे असतो. तूच मला त्यावरून हसायचीस. पण आज ती फांदी पाहिली आणि तिथंच ओल्या मातीत बसून राहिलो. आत पाढे चालले होते. कोणी येऊन विचारलं असतं, गुरुजी, काय झालं, तर मला काय सांगता आलं असतं कोण जाणे.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. नक्की काय सांगायचं आहे तेच मला नीट कळत नाही, म्हणून लिहायला बसलो. मारबतीच्या सकाळी तू मला अंगणातून विचारलंस, "बरा आहेस ना गा, बापू?" मी म्हणालो, "मले काय होते?" एवढंच बोलणं. ते मी खोटं बोललो का? तीन आठवडे मी याच एका प्रश्नाभोवती फिरतो आहे. ते ठरत नाही तोवर तू कशानं गेलीस हेही माझ्यापुरतं ठरत नाही.

आपल्या दोघा भावंडांत आजारी कोण आणि धडधाकट कोण, हे अठरा साली, मानमोडीच्या साथीतच ठरून गेलं. तू दहा वर्षांची, मी दोन. आई-बाप एकाच आठवड्यात गेले. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. तुला सगळं आठवत असणार, पण तू ते कधी सलग सांगितलं नाहीस. मी फार मागे लागलो की म्हणायचीस, "माणसं उभ्याउभी मान टाकत गेली, आता काय त्याची गोष्ट सांगू तुले?" आणि पत्रावळी टोचायला घ्यायचीस. त्या तापातून तू उठलीस ती वाजती छाती घेऊनच. ढग भरून आले की तुझी छाती आधी वाजायची, मग आभाळ. मी मात्र कशाला आजारी पडलो नाही. थंडीत नदीवर आंघोळ केली, भर पावसात भाताच्या बांध्या तुडवल्या, साधं डोकं दुखलं नाही. याचा मला गर्व होता. कुणाकुणासमोर दंड थोपटून दाखवले असतील, आता आठवलं तरी कसंतरी होतं.

तुझं लग्न झालं, तू विधवा होऊन परत आलीस, माझ्या घराशेजारी दोन खोल्या बांधून राहिलीस. पण तुझी ती राख कधी सुटली नाही. बाजारातून आलीस की आधी चुलीतली राख, मग कोपरापर्यंत हात. पाहुण्यांचा लोटा वेगळा, तुझा वेगळा. पोंभुर्ण्याच्या बाजारात एकदा वांगी घेता घेता विकणारी खोकली, तर तू वांगी टोपलीत परत टाकून चालती झालीस. ती बाई तुझ्या नावानं ओरडत होती आणि मी मान खाली घालून मागे मागे. पोरं तुला राखबाई म्हणत. मी त्यांना रागवत असे, पण तोंड फिरवून मलाही हसू येई.

तुला चांद्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं, आठवतं? आधी बैलगाडी, मग ती धुरकट बस. तू सगळा रस्ता पदर तोंडावर धरून खिडकीबाहेर मान काढून बसली होतीस. डॉक्टरांनी नळी लावून तपासलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, छातीत थोडंफार आहे, बाकीचं मनाचं. मला केवढा आनंद झाला! परतीच्या वाटेवर जो भेटेल त्याला मी तेच सांगत सुटलो, की बाईचं मनाचं आहे. गावाजवळ आलो तेव्हा म्हणालीस, "छातीत मन कुठी बसते ते इचाराचं होतं ना त्याले. तिथीच मलम चोळलं असतं." गाडीवान पोट धरून हसला. मीही हसलो. तू थट्टा केलीस की रागावली होतीस, ते मी विचारलं नाही.

आणखी एकदा असाच वाद झाला होता. मी म्हणत होतो की माणूस आधी भितो, मग आजारी पडतो. तू म्हणत होतीस की आधी आजारी पडतो, मग शहाणा होतो, आणि त्या शहाणपणालाच लोक भीती म्हणतात. पानं ओली करून मांडीवर घेतली होतीस. म्हणालीस, "तुझं आंग तुले कदी काई बोललंच नाई गा. माहं आंग मले रोज शिव्या देते. म्हनून मले त्याची भाषा येते." मी म्हणालो, मग शिव्या ऐकायचं सोड. तो वाद तसाच अर्धा पडला आहे. तेव्हा मला वाटलं होतं मी जिंकलो.

यंदा आपला जिल्हा मुंबई राज्यात गेल्याला अजून वर्षही झालं नव्हतं. नव्या राज्याचा नकाशा शाळेत यायचा होता, त्याच्या आधी साथ येऊन पोचली. पेपर दोन दिवस शिळा येतो. त्यात फ्लू म्हणून लिहिलं होतं, आणि फार माणसं दगावत नाहीत असंही होतं. मी तो पेपर घेऊन तुझ्याकडे आलो. तू पेपरला हात लावला नाहीस. "पेपरवाले मानमोडीत होते का?" म्हणालीस. मी म्हणालो, ही मानमोडी नव्हे, बाई, हा साधा ताप आहे, चार दिवसांत उतरतो. तू म्हणालीस, "उतरते ना. कोनाचा ताप उतरते, कोनाचा जीव उतरते."

दुसऱ्या दिवशी तू अंगणात राखेची रेघ ओढलीस. तुळशीपासून कुंपणापर्यंत. येणाऱ्यानं रेघेच्या अलीकडे उभं राहायचं आणि तिथून बोलायचं. पावसाळ्यात राखेची रेघ! दिवसातून चारदा वाहून जायची आणि सर थांबली की तू डोक्यावर सूप धरून पाचव्यांदा ओढायचीस. मी म्हटलं, चिखलात रेघ कोणाला दिसते? तर म्हणालीस, "पाह्यनाऱ्याले दिसते." मी ती रोज ओलांडली. मुद्दाम ओलांडली. तुझी भीती मोडायची तर कोणीतरी ती ओलांडून दाखवायला पाहिजे असं मला वाटे. मी एक पाऊल पुढे यायचो, तू एक पाऊल मागे सरायचीस, आणि असे आपण भांडत भांडत ओसरीपर्यंत जायचो. मग तू दार लोटून आतून बोलायचीस. कमला, तुझी भावजय, एकदा हे पाहून म्हणाली, "तुमी दोघं भाऊबहीन फुगडी खेळून राह्यले का?"

त्याच सुमाराला टोल्यावरच्या, रानाकडच्या त्या लहान वस्तीतल्या गोंडांनी वाटेवर बांबू आडवा बांधला. त्यांच्या गायत्यानं, पुजाऱ्यानं सांगितलं, बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. तुझ्या पत्रावळीची पानं आणणारी मैनाबाई बांबूपाशी भारा ठेवून हाक मारायची आणि मागे सरायची, मग तू जाऊन भारा उचलायचीस. मी वर्गात त्या बांबूची अंधश्रद्धा म्हणून गोष्ट केली. तुझ्या कानावर गेलं. "त्याइच्या बांबूएवढी अक्कल तुया शाळेत नाई," म्हणालीस. साथ टोल्यावर पोचली, पण आपल्या गावानंतर कितीतरी दिवसांनी. बांबूमुळे की वाट लांबची म्हणून, मला सांगता येत नाही. पूर्वी लगेच सांगितलं असतं.

आता चावडीतली गोष्ट. ती मी टाळत होतो.

पोळ्याला चार दिवस होते. घरटी एक तरी अंथरुणावर होतं. पाटलांनी सगळ्यांना बोलावून विचारलं की यंदा मारबत वाजतगाजत न्यायची का. तू आत आली नाहीस. बाहेर पावसात, पदर तोंडावर धरून उभी राहिलीस आणि तिथून म्हणालीस की ज्यानं त्यानं आपापली फांदी न्यावी, एकेकट्यानं, आणि ओरडू नये, तोंड मिटून टाकावी. कोणीतरी म्हणालं, "मुकी मारबत का वं बाई?" लोक हसले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला, आणि तुझा भाऊ.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "जो भेते त्यालेच रोग धरते. मन घट्ट ठेवा, काई होत नाई." म्हणताना मी तुझ्याकडे पाहत होतो. चावडी खूश झाली. बाई, मी ते तुला दुखवायला बोललो नाही. लोकांच्या तोंडावरची कळा गेली होती, चार दिवस सण करून त्यांना जरा बरं वाटावं असं खरंच वाटत होतं. पण थोडं तुला दुखवायलाही बोललो. हसणाऱ्यांच्यात तुझा भाऊ म्हणून उभं राहायची मला लाज वाटत होती. तू एवढंच म्हणालीस, "मन ठेवीन घट्ट. पन श्वास तं सैलच सोडा लागते ना गा." आणि चिखलातून परत गेलीस. तुझी छाती वाजत होती, मला आतपर्यंत ऐकू येत होती.

मारबतीच्या सकाळी उजाडता उजाडता उठलो तर पोटऱ्या दुखत होत्या. लांबचा पल्ला चालून आल्यासारख्या. घशात कुसळ अडकल्यागत खवखव. उजेडाकडे पाहवत नव्हतं. कमला म्हणाली, "डोळे लाल काऊन झाले?" मी म्हटलं, चुलीचा धूर. तेव्हा चूल पेटली होती का, हे मला आता आठवत नाही. मला खरंच धूर वाटला का? आदल्या दिवशी बैलांमागे पावसात भिजलो होतो, अंग त्यानं दुखत असेल असं मनाशी म्हटल्याचं आठवतं. म्हणजे अंग दुखतंय हे मला ठाऊक होतं. पण ताप म्हणजे काय, तो येताना कसा येतो, हे ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांत मी त्याला कधी भेटलोच नव्हतो. तुला हे पटेल का? मला कधी पटतं, कधी पटत नाही.

मग आम्ही निघालो. घरोघरच्या फांद्या गोळा करत, घेऊन जा गे मारबत म्हणून घसा फोडत. तुझ्या घराशी आलो. रेघ नुकती ओढलेली होती, पांढरीशुभ्र. आणि तुझी फांदी तू कुंपणाला बाहेरून अडकवून ठेवली होतीस, वाखानं बांधून, म्हणजे कोणाला आत यावं लागू नये. मी ती काढून पुढे जाऊ शकत होतो. पण मागे सगळे उभे होते. चावडीत बोललो होतो. मी फांदी काढली आणि रेघ ओलांडून तुझ्या ओसरीपर्यंत आलो.

तू दारात होतीस. या वेळी मागे सरली नाहीस. माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस आणि विचारलंस, "बरा आहेस ना गा, बापू?"

"मले काय होते?" मी म्हणालो. आणि लगेच म्हणालो, "पानी दे वं बाई जरासं. घसा सुकला ओरडून."

तू थोडी थांबलीस. किती थांबलीस? मला ती वेळ कधी लांब वाटते, कधी डोळ्याची पापणी लवावी एवढी. मग आत जाऊन पाणी आणलंस. पाहुण्यांच्या लोट्यातून आणलं नाहीस. तुझ्या स्वतःच्या लोट्यातून दिलंस, आणि मी पिऊन होईतो समोर उभी राहिलीस. मी पिता पिता खोकलो. तुझा पदर तोंडावर होता की नव्हता, ते काही केल्या आठवत नाही.

शाळेपाशी आलो तेव्हा जमीन हलल्यासारखी झाली. सगळे पुढे गेले. मी मागच्या बाजूला जाऊन बसलो, फांदी भिंतीला टेकवली, आणि नंतर कधीतरी भिंत धरत घरी गेलो. तीन दिवस काय झालं ते कमलाला विचारावं लागलं. चौथ्या दिवशी मी पेज मागितली. त्याच दिवशी तू पडलीस.

कमला तुझ्याकडे जाऊन राहिली. तू तिला पडल्यापडल्या सगळं सांगत होतीस, पदर कसा बांध, लोटा कुठे उलटा ठेव. अंगणातली रेघ ओढायला कोणी नव्हतं, ती वाहून गेली. मी उठून चालायला लागलो तसा आलो आणि तुझ्या उशाशी बसलो. बाई, मला जे सगळ्यात कळत नाही ते हे. ज्या आजाराची तू चाळीस वर्षं वाट पाहिलीस, भीत भीत वाट पाहिलीस, तो छातीवर बसला तेव्हा तू भ्यायली नाहीस. श्वास मोजूनमापून घेत होतीस, घरचा हिशोबी माणूस घेतो तसा. मीच दर श्वासाला वाकून बघत होतो. तू ते पाहिलंस. विचारलंस, "पेज पेलास?" मी मान हलवली. मग म्हणालीस, "मंग आता राखेनं हात धू." माझ्याशी तुझं ते शेवटचं बोलणं. मी हात धुवायला गेलो, आणि चुलीपाशी उगीच वेळ काढला. तेव्हा सांगता आलं असतं.

तेरवीला पंगत बसली होती. मी वाढत होतो. तूच टोचून ठेवलेल्या पत्रावळी होत्या. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "भेवानं गेली बाई. गुरुजी म्हनतच होते." दुसरा म्हणाला, "हाव गा. मनानं खचली होती." माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. मी त्यांच्या भातावर वरण वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेलो. तुझ्या पंगतीत माझंच वाक्य मला ऐकावं लागलं, आणि मी त्याला नाही म्हणालो नाही. ते खोटं आहे असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मग खरं काय, असं कोणी विचारलं असतं तर?

टोल्याचा बांबू सुटल्यावर मैनाबाई आली. पानांचा भारा घेऊन आली. तू नाहीस हे तिला कळलं होतं, तरी आणला. तुझ्या अंगणात बरोबर रेघेच्या जागी तिनं तो ठेवला आणि मला म्हणाली, "तिनं सांगतलेली पानं होती, गुरुजी. कुठी नेऊ आता?" मग ओसरीच्या पायरीवर बसली आणि तू मला कधी न सांगितलेली गोष्ट तिनं सांगितली. मानमोडीत आई दोन दिवस पाणी मागत होती. तापात पाणी द्यायचं नाही असं मोठ्यांनी तुला बजावलं होतं. तू दहा वर्षांची पोर, ऐकलंस. आईनं तुझा हात धरून मागितलं, तरी ऐकलंस. सकाळी आई गेली होती. मैनाबाईची आई टोल्यावरून गावात आली होती, माझं रडणं ऐकून ती आत डोकावली आणि आपल्या दोघांना उचलून घेऊन गेली. मैनाबाई म्हणाली, "तवापासून ती म्हने, कोनी पानी मांगतलं तं मी ना म्हननार नाई. मंग तो कोनी असो."

आणि पुढे म्हणाली की मारबतीच्या दुपारी तू बांबूपाशी येऊन तिला हाक मारून सांगितलंस, आता चार दिवस पानं आणू नकोस, बापूला ताप आहे. "त्याले कळला नाई म्हने, मी डोये पाहून वळखला."

म्हणजे तुला ठाऊक होतं. मग मला विचारलंस कशाला? मी खरं सांगावं म्हणून एक संधी दिलीस? की बहीण भावाला विचारते तसं नुसतं विचारलंस? आणि मी जर म्हणालो असतो, बरं नाही वाटत, तर तू मला पाणी रेघेपाशी ठेवून दिलं असतंस का? दिलं असतंस, मला वाटतं. भारा ठेवतात तसं ठेवलं असतंस आणि मागे सरली असतीस. माझ्या एका वाक्यानं तुला मागे सरता आलं असतं. माझ्या धडधाकटपणाचा मान राखायला तू जागची हलली नाहीस.

कमला म्हणते, असं काही नाही. पोळ्याच्या दोन दिवस आधी एक कासारीण पावसात अडकून तुझ्या ओसरीत बसली होती, खोकत होती, तिनंही पाणी मागितलं होतं म्हणे. कमला मला बरं वाटावं म्हणून सांगते, पण खोटं सांगणारी ती नाही. त्या कासारणीचा मला फार आधार वाटतो. दिवसातून दहादा मी सगळं तिच्या अंगावर ढकलतो आणि दहादा परत घेतो. तिचं नावगावही मला ठाऊक नाही, बिचारीचं पुढे काय झालं तेही नाही.

मी अजून भीती आणि आजार यांचं कोडं सोडवू शकलो नाही. पूर्वी फळ्यावर लिहून देऊ शकलो असतो. तुझं मन कमकुवत म्हणत होतो, पण मरणाच्या खाटेवर ते माझ्यापेक्षा घट्ट होतं. माझं धैर्य धैर्य होतं की मी काही पाहिलंच नव्हतं म्हणून मोकळा होतो? जे तू पाहिलंस ते पाहताना मी तुझ्याच कडेवर होतो, आणि तू माझं तोंड खांद्यात दाबून धरलं असशील. ज्या तब्येतीच्या जोरावर मी तुला हसलो, ती तू मला भरवून भरवून केलेली. टोल्यावरून मिळालेलं दूध आधी मला, उरलं तर तुला, हेही मैनाबाईनंच सांगितलं. तू एकदा तरी बोलून दाखवायचं होतंस. मला राग येतो तुझा. इतकी वर्षं वाद घातलेस आणि हातातलं हे एक उत्तर वापरलं नाहीस.

आताशा मी बाजारातून आलो की हात धुतो. राखेनंच. समोरचा खोकला की दोन पावलं मागे सरतो. कमला परवा म्हणाली, "तुमी बाईसारखे होऊन राह्यले." ही भीती आहे की दुःख आहे की उशिरा आलेली अक्कल, मला कळत नाही. छाती मात्र शाबूत आहे. ताप माझ्यावरून पाण्यासारखा वाहून गेला. याचंही काय करायचं ते कळत नाही.

शाळा सुटल्यावर मी तुझी फांदी घेऊन शिवेकडे निघालो. बांधीत निंदण चालली होती. एकजण कंबर सरळ करून म्हणाला, "काऊन गुरुजी, आता कोन्ती मारबत?" मी हात हलवला. शिवेवर बाकीच्यांच्या फांद्या कुजून चिखलात मिसळल्या होत्या. मी दुपट्टा तोंडावर बांधला आणि फांदी टाकली. ओरडलो नाही. तोंड मिटून टाकली, तू चावडीबाहेर उभी राहून सांगितलं होतंस तशी. मी हे मानत नाही, बाई. मग का केलं, विचारू नकोस.

परत येताना तुझ्या घराशी थांबलो. अंगणात गवत उगवायला लागलं आहे. रेघ तर केव्हाच वाहून गेली, पण ती कुठे होती ते मला बरोबर ठाऊक आहे, इतक्यांदा ओलांडली आहे. तुळशीपासून कुंपणापर्यंत. मी पहिल्यांदाच तिच्या अलीकडे थांबलो. दार बंद होतं. तू विचारलंस तिथं, दारात, कोणी नव्हतं. तरी मी त्या सकाळचं उत्तर दिलं. मोठ्यानं दिलं.

"बाई, मले बरं नाई वाटून राह्यलं. पाय दुखते, डोये जळते. मी आज आत नाई येत."

घसा सुकला होता. पाणी मागितलं नाही.